मान हलेपर्यंत

लोपीस सर गळ्यात पट्टा बांधून स्टुडिओत शिरले, तेव्हा ड्रमवाला सुहृद काठ्या घेऊन तयारच बसला होता.

"मान आखडलीय," सर म्हणाले. "पण अल्बमचं शेवटचं गाणं आजच."

चौघांच्या त्या जॅझ बँडमध्ये गाणं संपवायची खूण एकच. ट्रम्पेट वाजवता वाजवता सरांनी मान हलवली, की सगळे थांबत. काल सुहृद ती चुकवून एकटाच बडवत राहिला होता. "परत चुकलास तर तुझ्या जागी माझा मेव्हणा," सरांनी बजावलं होतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. सुहृदने सरांच्या मानेवरून नजर हटवली नाही. मान काही हलेना, आणि थांबवायची दुसरी रीत खुद्द सरांनाही ठाऊक नव्हती. शेवटी सर भोवळ येऊन सतरंजीवर आडवे झाले. बाकीचे दोघे पाणी आणायला धावले. पट्ट्यातली मान मात्र ताठच होती, म्हणून सुहृद वाजवत राहिला.

सरांनी डोळे उघडले. "हा अजून का बडवतोय?"

"मान हलली नाही, सर," सुहृद घाबरत म्हणाला.

"मेव्हण्याला नको म्हणून कळवा," सर म्हणाले, आणि पडल्या पडल्याच त्यांनी ट्रम्पेट मागितला.