मिस व्हर्डेलचा व्हरांडा

टोस्टरमधून पाव खाडकन वर आला. कुणीच हात लावला नाही.

मिस व्हर्डेल, चर्चमध्ये लहानथोर सगळे त्यांना आदराने मिसच म्हणत, डोक्यावरची हॅटही न काढता शेरिसच्या टेबलापाशी बसल्या होत्या. समोर त्यांनीच करून आणलेला केक, अजून फॉइलमध्ये गुंडाळलेला. आपलं घर तुमच्याऐवजी दुसऱ्याला विकतेय, एवढं सांगून झालं होतं. शेरिस अजून त्यांच्या तोंडाकडेच बघत होती.

"शुक्रवारपर्यंत थांबले मी, बाळ," त्या म्हणाल्या. "करारात तीच तारीख होती."

"बँकेचा तपासणीवाला सोमवारी येतोय. परवा! परवापर्यंत थांबणार नाही तुम्ही?"

हाताशी थोडेच पैसे असलेल्यांना बँक कर्ज देते, ते सरकार हमी घेतं म्हणून. आणि हमीच्या घराला रंगाचा एक पोपडा सुटलेला चालत नाही. मिस व्हर्डेलच्या व्हरांड्याचे तर पोपडेच पोपडे निघाले होते. हा खर्च आपल्याच्याने व्हायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग घर अजून आपलं नसताना शेरिस आणि तिच्या नवऱ्याने, डेरिनने, दोन शनिवार तोंडाला मास्क बांधून तो खरवडला, वरून दोन हात पांढरा रंग दिला. मिस व्हर्डेल अंगणात खुर्ची टाकून काठीने दाखवायच्या, "तो कोपरा राहिला बघ." दुपारी गार, गोड चहा आणायच्या. डेरिनला म्हणायच्या, "माझ्या पोराने जन्मात ब्रश धरला नाही. तू कुठे होतास इतकी वर्षं?" एकदा त्यांनी शेरिसच्या केसांतला रंग आपल्या नखाने काढला होता. घर आपलं झालं, असं शेरिसला वाटलं ते तेव्हा.

"नवीन माणूस रोख देतोय," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "ना बँक, ना तपासणी. मुलगा अटलांटाला बोलावतोय. टोलेडोतला आणखी एक हिवाळा माझ्याने काढवत नाही."

"हिवाळा!" डेरिन भिंतीला टेकून उभा होता. "बाहेर अजून लोक अर्ध्या चड्डीत फिरतायत."

"डेरिन," शेरिस म्हणाली.

"नाही, एकच विचारतो. व्हरांडा बघितला का त्याने?"

मिस व्हर्डेलनी फॉइलची कड बोटाने दाबून सरळ केली.

"बघितला. घर चांगलं राखलंय म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतं?"

डेरिन हसला. शेरिसला ते हसू नवं होतं. तो मागच्या दाराने निघून गेला.

मिस व्हर्डेल काठी टेकून उठल्या. जिना उतरताना त्यांना आधार लागतो, हे शेरिसला ठाऊक होतं. ती सोबत गेली, एकेक पायरी त्यांचा दंड धरून उतरली. खाली गाडीपाशी त्यांनी तिचा गाल थोपटला.

"केक आजच खा. उद्या कोरडा होईल. आणि चर्चला या हं, रुसून घरी बसू नका."

शेरिस वर आली तेव्हा सहा वर्षांची नायला दारात उभी होती. झोपेचा झगा, एका पायात मोजा. तिने सगळं ऐकलं होतं.

"आपण त्या घरी नाही जायचं?"

"नाही, राणी."

नायलाने पायातला मोजा वर ओढला.

"आई, उद्या चर्चमध्ये त्यांनी मला नेहमीसारखी पेपरमिंटची गोळी दिली, तर घ्यायची का?"