बारशाची गोधडी

पाळण्यात गोधडी अंथरायला सखूबाई वाकल्या, तेवढ्यात उपकेंद्रातल्या सिस्टर दारात आल्या. "आजी, जरा थांबा. हिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय."

"येणारच. माझ्या सासूबाईंच्या लुगड्यांची आहे. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत गोळ्या घालून जपलीय. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ बारशाला हिच्यावरच निजतं."

बाळ जन्मल्यावर सिस्टरांनी त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब तपासणीला नेले होते. आज त्याचा निकाल आला होता. सिस्टर सखूबाईंना घेऊन खाली बसल्या. "बाळ ठणठणीत आहे. फक्त त्याच्या रक्तात जन्मतःच एक उणीव आहे. या गोळ्यांच्या वासानं रक्तातल्या पेशी फुटतात आणि पोर पिवळं पडतं. एवढं जपलं, काही औषधं टाळली, की तो चारचौघांसारखा वाढेल."

सखूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी माझ्या हातानं..."

"अजून अंथरलीय कुठं तुम्ही?"

सखूबाईंनी गोधडी लांब गोठ्यात नेऊन ठेवली, साबणानं हात धुतले. मग दोरीवर वाळत असलेलं आपलं रोजचं विटकं पातळ ओढून सिस्टरांच्या नाकाशी धरलं.

"ह्याला कसला वास येतोय?"

"उन्हाचा."

पाळणा म्हणायला जमलेल्या बायका हसल्या. सखूबाईंनी पातळाची मऊ चौघडी करून पाळण्यात घातली आणि सुनेला म्हणाल्या, "ह्याचीच गोधडी शिवते मी. पुढच्या बारशांना हीच काढायची. कसर लागली, तर लागू दे."