सुष्मामिसची पाच मुलं

"पाच म्हणजे पाच. साडेचार चालणार नाहीत," मराठी मंडळाचे सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "पुढच्या गणपतीत पाच मुलांनी मराठीत गोष्ट सांगून दाखवली, तर तुमचा वर्ग राहील. नाहीतर खोली योगासनांना. कमिटीचं ठरलंय."

सुष्माने किल्ली उचलली. "दाखवतील," ती म्हणाली.

म्हणायला काय जातंय! म्हैसूरच्या विजयनगरातल्या मंडळाच्या त्या वरच्या खोलीत गेले चार रविवार एकही पोर फिरकलं नव्हतं. पण सुष्मा हिनकलच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवत होती, म्हणजे हट्टाला काही कमी नव्हती. शिवाय मनात एक सल होता. तिचा मुलगा शशांक बेंगळूरला होता आणि तिच्याशी इंग्रजीत बोलायचा. लहानपणी तिने त्याला मराठीत एकही गोष्ट सांगितली नव्हती. वेळच मिळाला नाही, असं ती लोकांना सांगायची. स्वतःला काय सांगणार?

पुढच्या रविवारी तिने खडूने फरशीवर चौकाबारा या कवड्या-सोंगट्यांच्या खेळाचा पट आखला, मधल्या घरात लाकडी वाघ बसवला आणि कवड्या खुळखुळवत बसली. आवाज ऐकून खालच्या गल्लीत खेळणारी एक मुलगी जिना चढून वर आली. आठेक वर्षांची, गुडघा खरचटलेला. नाव पावनी.

"कवड्या टाकायच्या तर आधी गोष्ट ऐकायची," सुष्मा म्हणाली. "एक होता तिळ्या. तिळाएवढा! तो उंदराच्या कानात राहायचा."

पोरगी नुसती बघतच राहिली. सुष्माने खडूने उंदीर काढला. "इली?" पावनीने कानडीत विचारलं.

सुष्माने कपाळाला हात लावला. अरे देवा, साधा उंदीर माहीत नाही! आपल्या मराठी घरांची ही गत! म्हैसुरात पिढ्या गेल्या म्हणून काय घरात मराठीचा शब्दसुद्धा काढू नये? पोरीच्या आईबापांवर ती मनातल्या मनात चांगलीच तापली. मग शशांक आठवला आणि ती मुकाट्याने पुढची गोष्ट सांगू लागली, एका वाक्याला दोन चित्रं काढत.

गोष्टीतला खेळ जादूचा होता. तिळ्या पटावरच्या ज्या घरात थांबेल, त्या घरात खरोखर जाऊन पडायचा. कधी विहिरीत, कधी कोल्हीणबाईच्या लग्नात. पुढे काय झालं ते मराठीत सांगितलं तरच कवड्या हातात मिळत. चुकलं तर पाळी गेली. आणि तिळ्या पुरता अडकला की सुष्मा हमखास घड्याळ बघायची. "राहिलेलं पुढच्या रविवारी."

पहिल्या रविवारी तिने त्याला हत्तीच्या तोंडात सोडला. दुसऱ्या रविवारी पावनी रक्षितला घेऊन आली. दसऱ्यापर्यंत श्रीनिधी आणि अन्विता आल्या, संक्रांतीला मधुमिता आली. झाले की पाच! सुष्माने हजेरीत नावं लिहिली: पावनी आर., रक्षित के., श्रीनिधी एम. आडनाव लावतंय कोण हल्ली म्हैसुरात?

मुलं बोलू लागली, पण काय बोलत! "उंदीर गेली. तिळ्या पडली." मध्येच कानडी. तिच्या माहेरच्या चुलतभावंडांची मुलं असंच बोलत, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. तिने पालकांना चिठ्ठी पाठवली: "घरी मुलांशी रोज अर्धा तास मराठीत बोलावे. वाचून सही करावी." पाचही चिठ्ठ्या सहीविना परत आल्या.

"आईने वाचली नाही का रे?" तिने रक्षितला विचारलं.

"बघितली, मिस. मग ठेवली."

"काही म्हणाली?"

"इल्ला."

"इल्ला नाही, नाही म्हण!" सुष्मा ओरडली. सही करताना काय यांचे हात झिजतात? मग करतेच मी एकटी! तिने शनिवारीही वर्ग सुरू केला. घसा बसला तर गरम पाणी पिऊन यायची, पण रजा नाही.

गणपतीत सदाशिवराव वरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. मुलांकडे बारकाईने बघत ते पुटपुटले, "कुणाची ही? ओळख पटत नाही. विजयनगर केवढं पसरलंय!"

सुष्माने घाईघाईने सुरुवात करायची खूण केली. पण मुलं डगमगली नाहीत. एकाने गोष्ट सोडली की दुसरीने उचलली. शेवटची पाळी पावनीची होती.

"दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय मधल्या घरात जाता येत नाही, हा नियम. पण उंदीर म्हणाला, मी कुणाला मारणार नाही. मग तिळ्या टुणकन वाघाच्या कानात शिरला आणि म्हणाला, वाघोबा, नियम बदला. नाहीतर मी इथंच राहीन आणि दिवसभर गाणी म्हणेन. वाघाने एक गाणं ऐकलं. लगेच नियम बदलला!"

सदाशिवराव इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी तिथल्या तिथे खोलीच्या कागदावर सही केली. "खोली तुमची, सुष्माबाई. कोण म्हणतं आपल्या घरांतली मराठी गेली? ही बघा की!"

सुष्माला रडू आवरेना. वर्षभर ज्या आईबापांना मनात शिव्या घातल्या, त्यांची तिने मनातच माफी मागितली. काही झालं तरी त्यांनी घरात भाषा राखली होती.

"शाब्बास!" सदाशिवराव मुलांकडे वळले. "आता सांगा, घरी सगळ्यांत छान मराठी कोण बोलतं? आई की आजी?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

"घरी?" पावनी म्हणाली. "घरी सगळे कन्नडा, अंकल. आमच्या पाचही घरी. मराठी फक्त इथं वर असते."