दिवेवाला

"हलत नाहीये," दातांची डॉक्टर म्हणाली. "मास्तर, हीपण तसलीच."

मास्तरांनी त्याच गेमची तिसरी फ्लॉपी बाहेर काढली, फुंकर मारली, परत घातली. पूर्वी ते टायपिंगचा क्लास चालवायचे, म्हणून मास्तर. आता जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. दुकानात माणसांपेक्षा भंगार जास्त, आणि भंगारापेक्षा त्यांचा मेहुणा जास्त जागा अडवतो.

"सोडा ना डॉक्टर," मेहुणा म्हणाला. "हे गेम तेव्हाही भंगारच होते. चांगलं होतं ते तुमचं लहानपण."

"लहानपणात चांगलं होतं ते हेच," ती म्हणाली.

मेहुण्याने पाय आणखी पसरले.

ती चार दिवस येत होती. दुपारी दवाखाना बंद केला की तास-दीड तास. ती लहानपणी खेळायची त्या कंपनीचे सगळे गेम मास्तरांकडे होते आणि आज ते टिकतात का, हे तिला बघायचं होतं. निदान सांगितलं तरी तिने तसंच. पण बाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. विमानाचा गेम पाच मिनिटांत बंद केला. "कंटाळवाणा. तेव्हा कसा काय खेळायचो देव जाणे." गाड्यांचा लावला तर मेहुणा म्हणाला, "गाडी आहे का साबणाची वडी?" ती हसली, पण पहिल्याच वळणावर तिचं आख्खं अंग गाडीबरोबर कलंडलं. "हा टिकतो," ती म्हणाली. सोंगट्यांचा तिने नीट बघितलापण नाही.

तिला हवा होता तो खाणीचा. तो लावला आणि घोडं अडलं.

"यात दोघं असतात," तिने मास्तरांना समजावलं. "हा कुदळवाला म्हणजे मी. तो डोक्यावर दिवा असलेला, तो कॉम्प्युटरचा. त्याच्या दिव्याचा उजेड पडतो तेवढंच दिसतं, बाकी सगळा अंधार. तो पुढे जायचा, शिडी आली की थांबायचा. मागे वळून बघायचा. मी पडले की दोन उड्या मारायचा, चिडवायला. इतका हुशार गेम मी नंतर बघितला नाही, मास्तर. आत्ताचे लाखालाखाचे गेम घ्या, त्यातल्या एकालाही आपल्यासाठी थांबता येत नाही."

पडद्यावर दिवेवाला खाणीच्या तोंडाशी खांबासारखा उभा होता. तिचा कुदळवाला अंधारात जाऊन आपटत होता.

"तुमच्याकडे नीट चालायचा?" मास्तरांनी विचारलं.

"चार वर्षं. मशीन बाबांच्या ऑफिसातून आलेलं. जुनं झालं म्हणून मला दिलं. त्यांचं नवीन त्यांच्या खोलीत, मधे भिंत. प्रिंटरची म्हणून एक वायर भिंतीतून माझ्या मशीनला आलेली. तिला माझा पाय लागला की बाबा आतून ओरडायचे. आमचं तेवढंच बोलणं. आई नव्हती. बाबा म्हणजे बंद दार. कामावरून आले की आत, लावलं दार. मग मी आणि हा."

"आणि बिघडला कधी?"

"नववीत होते. बाबा गेले तेव्हा. आठवडाभर घरात नातेवाईकांची गर्दी. सगळे निघून गेले, मी गेम लावला, तर हा असाच. उभा."

"गर्दीत कुणाच्या तरी कार्ट्याने लाथ घातली असणार मशीनला," मेहुणा म्हणाला.

"मलापण तेच वाटलं." ती पडद्याकडेच बघत होती. "सांगू का, बाबांसाठी माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. आत्या म्हणालीसुद्धा, पोरगी दगड आहे. ह्याच्यासाठी मात्र मी ढसाढसा रडले."

मेहुण्याने उगाच एक स्क्रू उचलून दुसऱ्या डबीत टाकला.

"सातव्या मजल्यापर्यंत पोचलो होतो आम्ही," ती म्हणाली. "खाली अजून तीन होते. एकदा त्याच्याबरोबर तळापर्यंत जायचंय मला. बस, एवढंच. टिकतात की नाही वगैरे सगळं नुसतं बोलायचं."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. खोक्यातून गेमची पिवळी पडलेली पुस्तिका काढली. बोटाने ओळी धरत वाचायला लागले. एक पान उलटलं, परत मागे आले. मग टेबलाच्या मागे वाकून काहीतरी खुडबुडले आणि मेहुण्याला म्हणाले, "चल रे आत, जरा हात लाव."

"होईल का?" तिने विचारलं.

"बघू. तुम्ही खेळत रहा."

आतल्या खोलीत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मास्तर मेहुण्यावर खेकसले. मेहुणा काहीतरी बरळला. तिने घड्याळ बघितलं. दवाखान्यात तीनचा पेशंट होता, दाढ काढायची होती. तिने पर्स खांद्याला लावली.

दिवा लुकलुकला.

ती होती तशी खाली बसली. दिवेवाला एक पाऊल पुढे आला. भिंतीवर आपटला. मागे फिरला. परत आपटला.

"अरे, म्हातारा झालास की काय," ती हळूच म्हणाली आणि तिला हसू फुटलं, डोळे मात्र भरून आले.

तो धडपडत धडपडत शिडीपाशी पोचला. आणि थांबला. तिच्याकडे तोंड करून.

"झाला!" ती लहान मुलीसारखी किंचाळली. "मास्तर, सुरू झाला! काय बिघडलं होतं हो?"

"काही बिघडलं नव्हतं," आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला. "यात कॉम्प्युटर खेळतच नाही, डॉक्टर. दिवेवाल्याला दुसऱ्या मशीनवरून माणसानेच चालवायचं असतं. आत्ता मी चालवतोय. तुमच्या घरी पलीकडे कोण बसायचं?"