स्प्रिंग काढलेला खटका

"दाब," तो म्हणाला.

बायकोने खटक्यावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि असेल नसेल तो जोर लावला. कपाळावरची शीर तट्ट फुगली. खटका हलला नाही.

"परवा तर उघडला होता," त्याच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

पलंगाशेजारी त्याने रुळांवर सरकणारी फळी बसवली होती. फळीवर तिचं श्वासाचं मशीन. फळी भिंतीशी अडकलेली असायची. खटका दाबला की टक् व्हायचं आणि फळी उताराने आपसूक पलंगापाशी यायची. हट्ट तिचाच होता. "आंघोळीपासून सगळं तुमच्या हातानं. श्वास तरी माझा मला घेऊ द्या."

कारखान्यात जन्मभर त्याने असेच खटके आखले होते. हे काम म्हणजे हातचा मळ. पण तिथलं लोखंड रोज तेवढंच जड असे. इथे तो स्प्रिंग नरम करी, तोवर तिचं बोट त्याहून नरम पडे.

"लोखंडाला एवढं वळण लावलंत," ती धापा टाकत म्हणाली, "आणि घरचा टीचभर खटका ऐकत नाही होय?"

तो हसला. याहून नरम स्प्रिंग त्याच्या डब्यात नव्हती. कुणाच्याच नसावी. आता काही उरलं नाही, हे त्याला कळून चुकलं.

तिच्याकडे पाठ करून त्याने स्प्रिंग काढली, खिशात टाकली आणि रिकामाच खटका बसवला. फळी लगेच निघाली. त्याने खालून पाय लावून ती अडवली.

"आता बघ."

तिने बोट टेकवलं. त्याने पाय काढला. फळी घरंगळत येऊन पलंगाला टेकली.

"जमलं की गं!" त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

टक् झालं नव्हतं. ती काही वेळ खटक्याकडे बघत राहिली.

"जमलं," ती म्हणाली.

मास्क चढवायला तिने हनुवटी वर केली. तो वाकला, तशी हळूच म्हणाली, "अहो, उद्यापासून दुसरा पाय लावा. हा तुमचा दुखरा आहे."