निजेची वेळ

"आई, आधी ॲक्सेस नंबर. यंत्रातली बाई बोलायची थांबली, की फोनकार्डावरचा पिन आणि मग साताऱ्याचा नंबर. घाई नको." न्यू जर्सीला आल्या दिवशीच लेकानं मथुताईंना शिकवलं होतं.

काल फोन लागला, तेव्हा धाकटी जाऊ खुशीत होती. "ताई, तुमचा बाळकृष्ण छान रुळलाय हो माझ्याकडे. लोणी ठेवलं की हसतो."

मथुताईंना ते टोचलं. निघताना देव त्यांनीच जावेच्या ओटीत घातला होता. पण हसायला सांगितलं नव्हतं.

"फक्त निजताना कुरकुरतो, असं वाटतं. तुम्ही अंगाई कुठली म्हणता?"

"कार्ड संपत आलंय गं. उद्या नक्की सांगते." कार्ड नवंकोरं होतं. अंगाई तेवढी आपली राहू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आज सकाळी जपात मन लागेना. तिकडे आता रात्र पडली असेल. जाऊ पाळणा हलवत बसली असेल आणि तो टक्क जागा असेल.

मथुताईंनी माळ खाली ठेवली, चष्मा लावला आणि ॲक्सेस नंबर दाबला. बाई बोलायची थांबेपर्यंत त्यांनी हलकेच गळा साफ करून घेतला.