दुसरं गिऱ्हाईक

नाशिकच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एजंट हेमलताने शेवाळे काका-काकूंना समोरच्या भिंतीवर, व्हिडिओ कॉलवर, त्याच फ्लॅटसाठी आलेलं दुसरं गिऱ्हाईक दाखवलं. भाव चढवायला कंपनीचं एआय यंत्र पडद्यावर अशी खोटी माणसं घडवत असे. आज त्याने एका आईच्या मांडीवर आजारी मुलगी बसवली होती.

"डॉक्टर म्हणाले, हिला भरपूर ऊन येणारं घर हवं," ती आई भिंतीवरून म्हणाली.

काकूंचे डोळे भरले. काका म्हणाले, "आम्ही मागे सरतो, ताई. त्या लेकराला मिळू दे घर."

खरं सांगून टाकावं असं हेमलताला फार वाटलं, पण नोकरीच्या भीतीने जीभ रेटेना.

जिन्यात काकू थांबल्या. "तिचं नाव काय गं? रोज देवापाशी तिच्यासाठी दिवा लावीन."

हेमलताच्या तोंडून आपल्याच लेकीचं नाव निघून गेलं.